जहाजाचा सातबारा

नारंगीच्या काठी वसलेल्या, नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून शेती करणाऱ्या आणि कांद्याच्या भावावर वर्षाचा हिशेब बांधणाऱ्या वैजापूर तालुक्याचा समुद्राशी संबंध काय, असा प्रश्न कोणी केला, तर त्याचे उत्तर येथील एखाद्या नव्या घराच्या स्लॅबमध्ये सापडण्याचा संभव आहे. त्या स्लॅबमधली सळई बहुधा सुमारे सव्वाशे किलोमीटरांवरच्या जालन्याहून आलेली असते. जालन्याच्या भट्ट्या मुख्यत्वे भंगारावर आणि स्पंज आयर्नवर चालतात. आणि भंगार या एका नावाखाली मोडलेली यंत्रे, जुन्या मोटारी व पाडलेल्या इमारतींचे गज यांच्याबरोबर, एके काळी महासागर ओलांडून गेलेल्या जहाजांचे पोलादही बाजारात येत असते.

अशाच एका भट्टीसाठी भंगारखरेदीचे काम पाहणारा चाळिशीतला एक गृहस्थ आणि वैजापूरच्या न्यायालयात महसुली व दिवाणी दाव्यांत उभी हयात घालविलेले त्याचे मामा, यांच्यामध्ये या विषयावर झालेला वाद मी समक्ष ऐकला. मामांचे वडील निजामी अमदानीत तहसील कचेरीत कारकून होते, सबब इंग्रजी हद्दीतून येणाऱ्या मालावर करोडगिरी कशी घेतली जाई याच्या हकीकती ऐकतच मामा वाढले. माल कोठून आला, त्याचा धनी कोण आणि त्याबरोबर कागद कोणता, हे तीन प्रश्न त्यांच्या मनात प्रथम उभे राहतात ते त्या संस्कारामुळे. वादाचे निमित्त जमिनीचे होते. समृद्धी महामार्गावर जांबरगावापाशी चढण्या-उतरण्याची सोय झाली आहे, तेथून जवळच मामांच्या नावे थोडी हलकी जमीन पडीक आहे, आणि मोडलेल्या जहाजांतील जनरेटर, पंप, मोटारी व तारा आणून, त्यांची निवड व दुरुस्ती करून, मराठवाड्यातील कारखान्यांना विकण्याचे आगार तेथे उभारावे, असे भाच्याच्या मनाने घेतले होते.

भाचा — मामा, पंचवीस-तीस वर्षे मालवाहतूक करून निवृत्त झालेले जहाज म्हणजे निव्वळ गंजलेला पत्रा नव्हे. तो एक तरंगणारा कारखाना असतो. त्याच्या मोकळ्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पुन्हा कामास येतो. प्लेटी भट्टीकडे किंवा रोलिंग मिलकडे जातात, काशाच्या जातीच्या मिश्रधातूचा पंखा ओतशाळेत जातो, आणि जहाजावर वीज पुरविणारे जनरेटर, पाणी उपसणारे पंप, व्हॉल्व्ह, नांगराच्या साखळ्या, जाडजूड दोर, इतकेच काय पण खलाशांच्या खोल्यांतील पलंग व कपाटेदेखील विकली जातात. गुजरातेत जहाजे जेथे मोडली जातात त्या अलंगला जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा याच मालाची दुकाने आहेत, ती मी पाहिली आहेत. शिवाय जागतिक पोलाद संघटनेचा हिशेब असा आहे की, एक टन भंगारापासून पोलाद केले म्हणजे 1.4 टन लोहखनिज, 740 किलो कोळसा आणि 120 किलो चुनखडी वाचते व दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याचे टळते. ज्याला आज चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात तिचे याहून ढळढळीत उदाहरण दुसरे कोणते देता येईल?

मामा — हिशेब खरा असेल, पण तो एका बाजूचा आहे. जमेची बाजू तू वाचून दाखविलीस, आता खर्चाची वाच. जहाज बांधले कोरियात, मालकी युरोपात, पंचवीस वर्षांचा नफा त्या मालकाच्या पेढीत. आणि जेव्हा त्याच्या पोटातील ॲस्बेस्टॉस, शिसेयुक्त रंग, तेलाचा गाळ व विषारी द्रव्ये यांची विल्हेवाट लावण्याची पाळी येते, तेव्हा ते मधल्या दलालाला रोख विकले जाते, शेवटच्या सफरीपुरते त्याचे निशाण बदलून कोमोरोस किंवा पलाऊसारख्या लहानशा बेटाचे चढविले जाते, आणि ते आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळते. ज्या वर्तुळाचा लाभाचा भाग एका देशात आणि विषाचा भाग दुसऱ्या देशात पडतो, त्याला मी वर्तुळ म्हणणार नाही.

मामांचा हा आक्षेप ऐकीव नव्हता. क्लेमेन्सो या फ्रेंच विमानवाहू जहाजाच्या प्रकरणाचे तपशील त्यांना पाठ होते. ॲस्बेस्टॉस भरलेले ते जहाज 2005 च्या डिसेंबरअखेर अलंगच्या दिशेने निघाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न उपस्थित झाला. फ्रान्समध्येही कज्जा झाला. आणि 2006 च्या फेब्रुवारीत अध्यक्ष शिराक यांनी ते अर्ध्या वाटेवरून परत बोलाविले. अखेर 2009-10 साली ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे, बंदिस्त गोदीत मोडण्यात आले. येथे मला स्वतःला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. त्याच हार्टलपूल गावात आज ट्रिंकोमाली नावाची युद्धनौका जतन करून ठेवलेली आहे, आणि ती 1817 साली आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी मलबारी सागवानात बांधलेली आहे. मुंबईच्या हातांनी घडविलेली नौका जेथे दोनशे वर्षांनंतरही तरंगते आहे, तेथेच, मुंबईहून फार दूर नसलेल्या किनाऱ्यावर जी फेकली जाणार होती ती नौका रीतसर मोडली गेली. बांधणे, राखणे आणि मोडणे या तिन्ही क्रियांना सारखीच प्रतिष्ठा देता येते, याचा इतका स्पष्ट पुरावा एकाच गावी मिळावा हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

भाचा — क्लेमेन्सोला आता वीस वर्षे होत आली. मधल्या काळात कायदा कोठून कोठे गेला ते पाहा. जहाजे सुरक्षितपणे मोडण्याविषयीचा हाँगकाँग करार 2009 साली झाला, भारत 2019 च्या नोव्हेंबरात त्यात सामील झाला, त्याच वर्षी संसदेने जहाज पुनर्चक्रण अधिनियम संमत केला, आणि 26 जून 2025 पासून तो करार जगभर अमलात आला आहे. आता मोडावयास निघालेल्या जहाजावर त्यातील धोकादायक द्रव्यांची यादी असावी लागते. कोणत्या कप्प्यात, कोणत्या नळीभोवती, किती वजनाचे काय आहे, ते तीत लिहावे लागते. मोडणाऱ्या यार्डाला अधिकृत मान्यता हवी, त्या विशिष्ट जहाजापुरती तोडणीची योजना हवी, आणि काम संपल्यावर ते संपल्याचा दाखला द्यावा लागतो. तुम्ही म्हणता ते अनागोंदीचे दिवस संपत आले आहेत.

मामा — अरे, मी चाळीस वर्षे कायद्याचीच भाकरी खाल्ली. म्हणून सांगतो की, कायदा आणि अंमल यांच्यामध्ये जे अंतर असते त्यातच गरीब माणूस मरतो. मला तू कलमे सांगू नकोस, काम कसे चालते ते सांग. तू दारूखान्यात गेला आहेस ना?

भाच्याने जे वर्णन केले ते मी शक्य तितके त्याच्याच शब्दांत देतो, कारण या संपूर्ण वादाचा गाभा तेथे आहे. मुंबईत रे रोड स्थानकाच्या पूर्वेस, बंदराच्या जागेत, दारूखाना नावाचा भाग आहे. तेथील बंदरांवर जहाजे मोडण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला. अलंगला खंभातच्या आखातात उधाणाची भरती प्रचंड येते, म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढविता येते आणि ओहोटी लागली की ते वाळूत रुतून उभे राहते. मुंबईत भरतीचे पाणी इतके चढत नाही, म्हणून दारूखान्यात येणारी जहाजे बहुधा लहान असत. तोडणारा कामगार ऑक्सिजन आणि गॅसच्या नळ्या खांद्यावरून ओढीत शिडीने वर चढतो. एका हातात कटर, डोळ्यांना काळा चष्मा. त्याच्याबरोबर एक बिगारी, जो नळ्या सोडवितो आणि ठिणगी कोठे पडली त्यावर नजर ठेवतो. निळी ज्योत प्लेटीवर टेकली की प्रथम लोखंड जळत नाही, रंग जळतो. एकावर एक चढविलेले रंगाचे थर फुगतात, काळे पडतात आणि त्यांतून तिखट, पांढुरका धूर निघतो, तो थेट कामगाराच्या नाकाशी येतो, कारण कापावयाची रेघ दिसावी म्हणून त्याला वाकून जवळ जावेच लागते. नियम असा की, कापण्याच्या रेघेवरचा रंग आधी चार बोटे रुंदीने खरवडून काढावा. पण खरवडण्याला वेळ लागतो, आणि मजुरी जेथे कापलेल्या वजनावर ठरते तेथे वेळ काढण्याची ऐपत कोणाची? प्लेट सुटली की विंचच्या दोराने ती खाली ओढली जाते. ती कोणत्या बाजूला कलंडेल हे सांगणारा अनुभवी मुकादम असला तर बरे; नसला तर देवाची कृपा.

मामा काही वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले ते वकिलालाच सुचावे असे होते.

मामा — तो कटर चालविणारा माणूस कोणाचा नोकर? यार्डमालकाचा, की ठेकेदाराचा? हजेरीपटावर त्याचे नाव आहे का? तो उत्तर प्रदेशातून, बिहारमधून किंवा ओडिशातून आलेला असणार. चार हंगाम काम करून तो गावी जाईल. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली तर तिचा आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी प्रकट होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्या दिवशी तो दावा लावील तर प्रतिवादी कोण? ठेकेदार मेलेला, यार्ड बंद पडलेले, जहाजाची मूळ कंपनी तीन वेळा नाव बदललेली, आणि जहाज तर तुझ्या भट्टीत वितळून कोणाच्या तरी स्लॅबमध्ये गेलेले. दावा मुदतीत बसला तरी पुरावा कोठून आणायचा? तुझ्या या चक्रामध्ये पोलाद फिरून परत येते; माणूस परत येत नाही. पाकिस्तानात गडानीच्या किनाऱ्यावर 1 नोव्हेंबर 2016 रोजी एका तेलवाहू जहाजात स्फोट झाला, वीसांहून अधिक मजूर होरपळून मेले. त्या जहाजाचे पोलाद मात्र विकले गेलेच असेल.

भाचा — मामा, याचे उत्तर माझ्यापाशी आहे आणि ते कठोर आहे. हे काम आपण नाकारले म्हणून जहाजे अमर होणार नाहीत. ती बांगलादेशात चट्टोग्रामला जातील, गडानीला जातील. आणि भंगार मिळाले नाही म्हणून घरे बांधण्याचे कोणी थांबणार नाही. मग पोलाद खनिजातून काढावे लागेल. ते खनिज आकाशातून पडत नाही. आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या डोंगरावरून लोहखनिज काढले जाते. तेथला आदिवासी, तेथले जंगल आणि ट्रकांनी उखडलेले रस्ते, ही खर्चाची बाजू तुम्ही कोणाच्या नावे टाकणार? जहाज मोडताना होणारी हानी डोळ्यांना दिसते म्हणून ती मोठी वाटते. खाणीची हानी दूर आहे म्हणून ती लहान ठरत नाही.

हा युक्तिवाद बिनतोड होता असे माझे मत आहे, आणि मामांनीही तो मान्य केला. पण मान्य करताना त्यांनी चर्चेला वेगळी दिशा दिली. त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण काढली. आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी त्या ग्रंथात जी ताकीद आहे ती मराठी वाचकांना परिचित आहे: साग वगैरे लागेल ते हुजूर परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, रयतेने वाढविलेली आंब्या-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, आणि अगदी जीर्ण झालेले एखादे झाड घेणे झालेच तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे. मामांचे म्हणणे असे की, अमात्यांनी जहाजाच्या जमाखर्चात झाडाच्या धन्याला पक्षकार केले होते, आणि आजच्या हिशेबात कापणारा मजूर व किनारा हे पक्षकार नाहीत, हाच मूळ दोष आहे. दुसरे असे की, जी वस्तू दुरुस्त होऊन चालते ती मोडू नये. मोडणे ही शेवटची पायरी. वाडियांच्या सागवानी नौका पन्नास-पन्नास वर्षे चालल्या त्या दुरुस्तीच्या बळावर.

भाचा — मग तुम्ही माझ्याच बाजूला आलात. मला भट्टीसाठी प्लेटी आणावयाच्या नाहीतच. ते काम जालना करतेच आहे. मला मधला माल हवा आहे. जहाजावरचा डिझेल जनरेटर बहुधा उत्तम स्थितीत असतो, कारण जहाजावर एक बिघडला तर दुसरा चालावा म्हणून तीन-तीन ठेवलेले असतात आणि त्यांची देखभाल नोंदवहीत लिहून केली जाते. त्याचे नोझल, बेअरिंग, रिंगा बदलल्या, तारांची वेटोळी तपासली, तर तो वाळूजच्या किंवा जालन्याच्या कारखान्यात आणखी कित्येक वर्षे चालेल. आयटीआय झालेली आपल्या तालुक्यातील मुले पुण्या-मुंबईला जातात. हे काम त्यांना येथे मिळेल. महाराष्ट्र सरकारचे 2025 चे जहाजउद्योगाविषयीचे धोरणही निव्वळ मोडणीचे नाही, त्यात बांधणी आहे, दुरुस्ती आहे.

या संदर्भात भाच्याने आणखी काही क्षेत्रांचा उल्लेख केला, त्यांचा येथे थोडक्यात निर्देश पुरे. बंदराचे मार्ग खोल ठेवण्यासाठी सतत गाळ काढावा लागतो, आणि तो वाया न घालविता भरावासाठी वापरता येतो. मामांनी त्यावर लगेच बजावले की, धरणातील गाळ शेतात टाकण्याची योजना आपल्याकडे चालली म्हणून समुद्राचा गाळ तसाच समजू नये, तो खारट असतो आणि त्याने जमीन नासेल. कोकणातील टाकाऊ नायलॉनच्या जाळ्यांपासून नवा धागा करता येतो. आरमाराची गुलदार ही निवृत्त नौका सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ बुडवून तिच्याभोवती जलजीवन वाढू द्यावे व पर्यटकांना ते दाखवावे, अशी योजना पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतली आहे. त्यासाठी आधी ती तेल, रंग व तारा यांपासून पूर्णपणे स्वच्छ करावी लागते, आणि मोडण्याइतकीच दक्षता बुडविण्यालाही हवी, हे त्यावरून समजते.

विक्रांतचा विषय निघणे अपरिहार्य होते. 1961 साली भारतीय आरमारात दाखल झालेली, 1971 च्या युद्धात पूर्व किनाऱ्यावर पराक्रम गाजविलेली आणि 1997 साली निवृत्त झालेली ती नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे तिचा लिलाव झाला, सर्वोच्च न्यायालयाने तिला वाचविण्याचा अर्ज फेटाळला, आणि 2014 च्या अखेरीस दारूखान्यात तिच्यावर कटर चालला. तिच्या पोलादाचा अंश घेऊन बजाजने 2016 साली एक मोटारसायकल बाजारात आणली. भाच्याला त्यात धातूच्या पुनर्जन्माचे सार्थक दिसते. मामांना जतन करता न आलेल्या वारशाची खंत वाटते. माझे मत दोघांहून थोडे निराळे आहे. त्या मोटारसायकलीच्या टाकीतील धातू विक्रांतचा होता हे लोकांना कळले, म्हणून त्याला मोल आले. बाकीचे हजारो टन पोलाद कोणत्या भट्टीत गेले, कोणत्या सळईत मिसळले, याची सामान्य माणसाला काहीच माहिती नाही. एका अंशाची वंशावळ राखली आणि उरलेल्या साऱ्याची पुसून टाकली. चक्रीय अर्थव्यवस्थेतील खरी उणीव मला येथे दिसते, आणि वादाला वळण मिळाले तेही येथेच.

मामा — जहाजाचे नाव बदलते, मालक बदलतो, निशाण बदलते. मग ते जहाज तेच, हे ओळखायचे कशावरून?

भाचा — आयएमओ क्रमांकावरून. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या व्यवस्थेप्रमाणे जहाजाला सात आकडी क्रमांक दिला जातो, तो बांधणीपासून मोडणीपर्यंत बदलत नाही, आणि तो जहाजाच्या अंगावर कायमचा कोरलेला असतो.

मामा — म्हणजे गट नंबर! अरे, मग अर्धे काम झालेलेच आहे. जमीन दहा हातांतून गेली तरी गट नंबर राहतो, आणि प्रत्येक फेरफार सातबाऱ्यावर चढतो. शिवाय इतर हक्कांच्या रकान्यात बोजा लिहिलेला असतो, म्हणून घेणाऱ्याला म्हणता येत नाही की मला ठाऊक नव्हते. तू मघाशी सांगितलेली धोकादायक द्रव्यांची यादी म्हणजे जहाजाचा इतर हक्कांचा रकाना. पण मला सांग, हा कागद यार्डाच्या दारातच थांबतो की मालाबरोबर पुढे जातो?

भाचा — थांबतो. यार्डातून निघालेल्या मालाच्या बिलावर वजन असते, प्रत असते. जहाज कोणते, ते बहुधा नसते.

मामा — आणि भट्टीत?

भाचा — भट्टीत प्रत्येक ओतीला हीट नंबर पडतो. त्या ओतीचा नमुना तपासून कार्बन, गंधक, फॉस्फरस किती ते दाखल्यावर लिहितात, आणि सळई विकताना तो दाखला मागणाऱ्याला मिळतो.

मामा — म्हणजे एका टोकाला आयएमओ क्रमांक आहे, दुसऱ्या टोकाला हीट नंबर आहे, आणि मधला फेरफार कोणी लिहीतच नाही. दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात 2010 साली काय झाले? विद्यापीठाने लिलावात काढलेल्या एका जुन्या उपकरणात कोबाल्टचा किरणोत्सारी स्रोत होता. त्याचा कागद बरोबर आला नाही, भंगारवाल्याने तो भाग कापला, आणि एक माणूस दगावला. माल निर्दोष नव्हता हा गुन्हा नाही. त्याचा दोष लिहिलेला नव्हता, हा गुन्हा आहे.

येथून पुढे वाद राहिला नाही, मसुदा सुरू झाला. आणि मला वाटते की मामांची चाळीस वर्षांची वकिली त्या एका तासात जितकी उपयोगी पडली तितकी क्वचितच पडली असेल. जमीन भाडेपट्ट्याने देण्यास ते राजी झाले, पण कलमे त्यांनी स्वतः सांगितली. ज्या बिलावर जहाजाचा आयएमओ क्रमांक नाही तो माल आवारात घ्यावयाचा नाही. जनरेटर किंवा पंपाबरोबर त्याच्या आवरणात व गॅसकेटमध्ये ॲस्बेस्टॉस नाही, असा यार्डाचा लेखी दाखला हवा. नसेल तर तो भाग आगारात उघडावयाचा नाही. तारा जाळून तांबे काढण्यास पूर्ण मनाई; त्या सोलण्याच्या यंत्रानेच सोलाव्या, कारण तारेवरचे प्लास्टिक जळते तेव्हा निघणारा धूर कारखान्याच्या कुंपणापाशी थांबत नाही आणि शेजारच्या शेतातील कांद्याची पात व गुरांचा चारा काही आपण विकत घेतलेला नाही. जुने तेल सिमेंटच्या फरशीवरील टाकीत साठवून अधिकृत शुद्धीकरण करणाऱ्यासच द्यावे. प्रत्येक कामगार हजेरीपटावर, भविष्यनिर्वाह निधी व विम्यासह; ठेकेदार मध्ये नको.

भाच्याने ही सारी कलमे मान्य केली. हरकत घेतली ती एकाच कलमावर. प्रत्येक कामगाराची दरसाल छातीची तपासणी करावी आणि तिचे दप्तर कामगार सोडून गेल्यावरही तीस वर्षे जपावे, अशी मामांची अट होती. भाच्याचे म्हणणे असे की, तपासणीचा खर्च तो करील. पण आपले लहानसे आगार तीस वर्षे टिकेल याचीच शाश्वती नाही, तर दप्तराची हमी त्याने कशी द्यावी? आणि मुख्य धूळ ज्याच्या छातीत जाते तो मजूर येथे नसून किनाऱ्यावर असतो, त्याचे दप्तर कोण ठेवणार? मामांनी कलम मागे घेतले नाही. भाच्यानेही सही केली नाही. मी तेथून निघालो तेव्हा एवढी एक बाब अनिर्णित होती.

माझ्या मते या बाबतीत दोघांचेही म्हणणे रास्त आहे, आणि निर्णय त्यांच्या हातचा नाही. भारतातील यार्डात जहाज मोडणाऱ्या मालकाला भंगारमूल्याच्या 40 टक्क्यांइतक्या रकमेचे जमापत्र (क्रेडिट नोट) मिळावे आणि ते येथेच नवे जहाज बांधताना वटविता यावे, अशी केंद्र सरकारची योजना आहे. सार्वजनिक पैशातून दिले जाणारे हे उत्तेजन बिनशर्त असण्याचे कारण नाही. त्या पत्रातील एक हिस्सा, जहाज कापणाऱ्या कामगारांच्या आरोग्यनोंदीसाठी आणि उशिरा प्रकट होणाऱ्या आजारांच्या भरपाईसाठी, सरकारी निधीत राखून ठेवता येईल. म्हणजे यार्ड बंद पडले तरी दप्तर बंद पडणार नाही, आणि पंचवीस वर्षे नफा घेतलेला मालकही या खर्चाचा भागीदार होईल. महाराष्ट्राने आपल्या धोरणाखाली कोकणात नवी यार्डे उभारण्यास परवानगी देण्यापूर्वी तीन गोष्टी अटी म्हणून घालाव्या: मोडणी उघड्या वाळूवर न होता पक्क्या तळाच्या गोदीत व्हावी, मालाच्या प्रत्येक बिलावर आयएमओ क्रमांक यावा, आणि कामगारांचे आरोग्यदप्तर शासनाने ठेवावे. हे नियम तयार होत असताना, समुद्र न पाहिलेल्या तालुक्यांच्या आमदारांनीदेखील ते वाचावे आणि त्यांवर बोलावे, अशी माझी विनंती आहे. आणि घर बांधणाऱ्या वाचकाला एवढेच सांगणे आहे की, सळई घेताना भावाबरोबर हीट नंबरचा दाखलाही मागावा, तो मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.